पोत्यावरचे ४६ आणि वहीतले २३.५

पत्राचा सारांश: बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं लिहिलं आहे. कोल्हापूरजवळच्या गावात घर, अडीच एकर ऊस. अकरावीतल्या भावाला संयुगातल्या मूलद्रव्याची वस्तुमान टक्केवारी शिकवताना तिनं उदाहरणाला सोप्यात रचलेली खताची पोतीच घेतली. युरियात नायट्रोजन ४६.७ टक्के आला, पोत्यावर ४६. जमलं. मग डीएपी, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट घेतलं. वहीत नायट्रोजन २१.२ आणि फॉस्फरस २३.५ टक्के, पोत्यावर मात्र १८ आणि ४६. ती वडिलांना म्हणाली, "पोत्यावर खोटं छापलंय, निम्म्यानं फसवतायत." वडील त्याच संध्याकाळी दुकानात गेले. दुकानदार भावकीतलेच, ती त्यांना काका म्हणते. चार गिऱ्हाइकांसमोर वडिलांनी त्यांना चोर म्हटलं. काका हसले, म्हणाले, "पोरीला म्हणावं, पुस्तकातलं पुस्तकात ठेव." तेव्हापासून उधारी बंद आहे आणि मोठी भरणी (उसाला खत देऊन मातीची भर लावायचं काम) तोंडावर आहे. कॉलेजमधल्या सरांनी "ते ऑक्साइडमध्ये असतं" एवढं एका ओळीत सांगून विषय संपवला. वडील तिला काही बोलत नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलंय. काकांची माफी मागू, की कृषी विभागाकडे तक्रार करू? मला हा विषयच झेपत नाही असं समजून बँकेच्या परीक्षांना लागू का? आणि भावाच्या वहीतलं ते उदाहरण खोडायचं का? जाता जाता तिनं असंही लिहिलं आहे, की गेल्या हंगामात डीएपीबरोबर नको असलेली औषधाची बाटली घ्यायला लावली होती, त्याचा राग वडिलांच्या मनात होताच.

उत्तर:

आधी तुझी वही तपासते, कारण तुझ्या पत्रातली बाकीची भीती तिच्यावरच उभी आहे. डीएपीच्या एका रेणूत नायट्रोजनचे २ अणू, हायड्रोजनचे ९, फॉस्फरसचा १ आणि ऑक्सिजनचे ४. अणुवस्तुमानं अनुक्रमे १४, १, ३१ आणि १६ धरली की २८ अधिक ९ अधिक ३१ अधिक ६४, म्हणजे १३२. नायट्रोजनचा वाटा १३२ पैकी २८, म्हणजे २१.२ टक्के. फॉस्फरसचा १३२ पैकी ३१, म्हणजे २३.५. तुझं गणित बरोबर आहे, दशांशापर्यंत बरोबर आहे. (गंमत म्हणून सांगते, अमोनियम सल्फेटचं रेणुवस्तुमानही जवळपास १३२च आणि त्यातही नायट्रोजनचे दोनच अणू. त्यामुळे नायट्रोजनची टक्केवारी दोघांची सारखीच येते. भावाला हे सोडवायला दे.)

मग बिनसलं कुठं? मला वाटतं, युरियानं तुला फसवलं. तो पहिल्या फटक्यात जुळला, आणि पोत्यावरचा आकडा म्हणजे वहीतलाच आकडा, थोडा इकडेतिकडे, असं तू धरून चाललीस. नायट्रोजनच्या बाबतीत हे खरं आहे, कारण तो मूलद्रव्य म्हणूनच मोजून छापतात. फॉस्फरस आणि पोटॅशियम मात्र खताच्या व्यवहारात ऑक्साइडच्या रूपात मोजतात. पोत्यावरचे ४६ टक्के हे फॉस्फरस पेंटॉक्साइडचे आहेत, ज्याच्या रेणूत फॉस्फरसचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे पाच असतात. हा ऑक्साइड पोत्यात असा सुटा सापडणार नाही. जुन्या काळचे रसायनशास्त्रज्ञ वनस्पतीची राख करून तिच्यातल्या घटकांचा हिशेब ऑक्साइडमध्ये मांडायचे. ती रीत खताच्या बाजारात कायम राहिली, एवढंच.

तुझ्या सरांची ती एक ओळ खरी होती, पण तिच्यापुढे अजून दोन पायऱ्या होत्या. त्या आपण चढू.

पेंटॉक्साइडचं रेणुवस्तुमान ६२ अधिक ८०, म्हणजे १४२. त्यात फॉस्फरस ६२, म्हणजे ४३.७ टक्के. तेव्हा पोत्यावरच्या ४६ टक्क्यांत प्रत्यक्ष फॉस्फरस ४६ चे ४३.७ टक्के, सुमारे २०. ऑस्ट्रेलियात खताचे आकडे सरळ मूलद्रव्यात छापतात, तिथे हेच डीएपी १८:२०:० म्हणून विकलं जातं. माल तोच, मोजण्याची रीत वेगळी.

आता तू विचारशील, २० तरी का? वहीत तर २३.५ आहे, आणि नायट्रोजनही २१.२ ऐवजी १८. इथे उलट दिशेनं जाऊ. शुद्ध डीएपीतला २३.५ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइडमध्ये बदलला, म्हणजे १४२ भागिले ६२ नं गुणला, की ५३.८ येतात. याचा अर्थ पूर्ण शुद्ध डीएपीच्या पोत्यावर २१ आणि ५४ च्या आसपास आकडे छापावे लागले असते. प्रत्यक्षात १८ आणि ४६ आहेत. भागून बघ: १८ भागिले २१.२ म्हणजे ०.८५. ४६ भागिले ५३.८ म्हणजे ०.८६. दोन वेगवेगळ्या मूलद्रव्यांवरून काढलेलं प्रमाण जवळजवळ एकच आलं! खताचं डीएपी प्रयोगशाळेतल्या बाटलीइतकं शुद्ध नसतं. ते ज्या फॉस्फोरिक आम्लापासून बनतं त्यात खनिजातून आलेलं लोह, अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम असतं, थोडा ओलावा असतो, आणि सगळा माल शंभर टक्के डीएपी झालेलाही नसतो. म्हणजे ज्या आकड्यांवरून तू फसवणूक ठरवलीस, तेच आकडे एकमेकांशी प्रामाणिक आहेत.

पोटॅशचं पोतं घरात असेल तर तेही तपास. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यात पोटॅशियम ३९.१ भागिले ७४.६, म्हणजे ५२.४ टक्के. पोत्यावर ६०. शुद्ध पदार्थात मावणारच नाही इतकं पोटॅशियम पोत्यावर छापलेलं! अर्थात हे ६०ही ऑक्साइडचेच. असं दिसलं की तिथंच थांबायचं. कारण भेसळ करणारा माणूस छापील आकड्याला हात लावत नाही, तो आतला माल बदलतो. छापील आकडा आणि पुस्तकातलं सूत्र यांची वजाबाकी करून भेसळ कधीच पकडता येणार नाही, कितीही अचूक गणित केलंस तरी. तुझ्या पत्रात मला खटकलेली मुख्य गोष्ट ही आहे. टक्केवारी तुला येते. पण ती कशाची, कशातली आणि कोणत्या रूपात मोजलेली, हे तीन प्रश्न तू निष्कर्षाच्या आधी विचारले नाहीस.

दर वेळी ऑक्साइडच असतो असं मात्र धरू नकोस. झिंक सल्फेटच्या पोत्यावर २१ टक्के लिहिलेलं असतं, ते खुद्द झिंकचं. पण सूत्रावरून काढताना स्फटिकातले पाण्याचे सात रेणू विसरलीस तर उत्तर ४०.५ येईल आणि पुन्हा कुणीतरी चोर ठरेल. पाणी धरलं की रेणुवस्तुमान २८७.५ होतं आणि झिंक २२.७. बाजारात ३३ टक्क्यांचंही झिंक सल्फेट मिळतं. ते जास्त 'पॉवरचं' म्हणून विकतात, पण त्यात पाण्याचा एकच रेणू असतो एवढाच फरक. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीत जिप्सम टाकतात, त्याचाही हिशेब पाण्याचे दोन रेणू धरूनच करायचा. अकरावीच्या मुलांचे मार्क इथंही जातात.

तुझ्या चुकीची खरी किंमत दुकानात मोजली गेली नाही, ती शेतात मोजली गेली असती. सुरू, म्हणजे हिवाळ्यात लावलेल्या उसाला राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र (नायट्रोजन), ११५ स्फुरद (फॉस्फरस) आणि ११५ पालाश (पोटॅशियम) अशी आहे. तुमचं अडीच एकर म्हणजे साधारण हेक्टरच. शिफारशीतलं स्फुरद आणि पालाशही ऑक्साइडमध्येच मोजलेलं आहे, म्हणून पोत्यावरचा आकडा थेट वापरता येतो. ११५ भागिले ०.४६ म्हणजे २५० किलो, डीएपीची पाच पोती. त्यातून ४५ किलो नत्र आपोआप मिळतं. उरलेल्या २०५ किलोसाठी ४५ किलोची दहा पोती युरिया. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅशची चार पोती. आता समज, वडिलांनी तुझं ऐकलं असतं आणि 'खरा फॉस्फरस २० टक्केच' म्हणून ११५ ला ०.२० नं भागलं असतं, तर साडेअकरा पोती झाली असती. साडेसहा पोती जादा. पोत्याचा दर १,३५० रुपये धरला तरी पावणेनऊ हजार मातीत. म्हणून इतरही घरांतल्या मुलामुलींना सांगते, शिफारस ज्या रूपात दिली आहे त्याच रूपात पोतं मोजा. एक बाजू मूलद्रव्यात आणि दुसरी ऑक्साइडमध्ये, असं करू नका. माती परीक्षणाचा कागद हातात आला तरी आधी हाच प्रश्न विचारा.

आता वडिलांकडे येऊ. तुला वाटतंय ते तुझ्यावर रागावलेत. मला पत्रातून तसं दिसत नाही. उलट विचार करून बघ: ज्यानं आयुष्यभर ऊस केला तो माणूस मुलीच्या वहीतल्या एका बेरजेवर विसंबून भावकीतल्या माणसाशी चार लोकांत भांडतो. एवढा विश्वास किती घरांत असतो? त्यांचं गप्प राहणं मला शरमेचं वाटतं. तुझ्यामुळे तोंडावर पडलो म्हणायचं नाही, आणि आपण घाईनं चोर म्हटलं हेही कबूल करायचं नाही, अशा कात्रीत ते असतील. ही कात्री तुलाच सैल करावी लागेल, कारण त्यांना ती सुरुवात जमणार नाही.

पण त्यांच्यापुढे पेंटॉक्साइड घेऊन बसू नकोस. त्यांना टक्केवारी तुझ्यापेक्षा जुनी ठाऊक आहे, उताऱ्याच्या रूपानं. १२ टक्के उतारा म्हणजे टनाला १२० किलो साखर, हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही. त्यांना विचार, उतारा सगळ्या उसाचा सारखा का नसतो? ते सांगतील: जात वेगळी, रान वेगळं, डिसेंबरची तोड वेगळी, एप्रिलची वेगळी. मग त्यांना सांग की उसातून निघालेली साखर मात्र कुठलीही घ्या, कोल्हापूरची, उत्तर प्रदेशची, नाहीतर युरोपातल्या बीटाची, तिच्यात कार्बन ४२.१ टक्केच. संयुगाचं प्रमाण ठरलेलं असतं, हे जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडलं आणि ते टिकलं. तुझी वही साखरेचं गणित करत होती. पोतं उसासारखं निघालं: बनवलेला माल, ज्याच्यावर कमीत कमी किती मिळेल याची हमी छापलेली असते, तीही सरकारनं ठरवलेल्या रीतीनं. एवढं पुरे. हे बोलणं दोघंच असताना कर, आई आणि भाऊ जेवायला बसलेले असताना नको.

काकांच्या माफीबद्दल. मागायची, पण नेमकी कशाची ते आधी ठरव. चोर हा शब्द वडिलांच्या तोंडून गेला आहे. तो परत घेणं त्यांचं काम. त्यांच्या वतीनं तू माफी मागितलीस तर वडिलांची दुसऱ्यांदा शोभा होईल, आणि यावेळी ती तू केलेली असेल. तुझ्या वाट्याचं एवढंच: दुपारी दुकानात गर्दी नसताना जा, आणि सांग, "काका, पोत्यावरचे टक्के ऑक्साइडचे असतात हे मला माहीत नव्हतं, मी मूलद्रव्याचे धरले. माझ्या सांगण्यावरून पप्पा बोलले." रडारड नको, लांबण नको. काका तेव्हाही हसतील कदाचित. हसू देत. 'पुस्तकातलं पुस्तकात ठेव' हे त्यांचं म्हणणं निम्मंच बरोबर होतं. त्यांना त्या आकड्यामागचं कारण सांगता आलं असतं तर भांडण तिथंच मिटलं असतं, पण पोत्यावरच्या आकड्याचा अर्थ बहुतेक दुकानांत कुणी विचारत नाही, म्हणून कुणाला सांगताही येत नाही.

त्या बाटलीबद्दल मात्र माफीतला म सुद्धा काढू नकोस. खताबरोबर नको असलेला माल गळ्यात मारणं, ज्याला सगळे लिंकिंग म्हणतात, त्याला परवानगी नाही आणि त्याची तक्रार करता येते. मला तर वाटतं त्या संध्याकाळी वडील तुझा हिशेब घेऊन गेले ते निमित्त होतं, आत ती बाटली खदखदत होती. खऱ्या तक्रारीला पुरावा नव्हता, तुझ्या वहीत तो मिळाला असं त्यांना वाटलं. दोन्ही गोष्टी वेगळ्या कर. पुढच्या खेपेला बाटली पुढे आली तर जागेवरच "नको" म्हणा, पॉस मशीनची आणि दुकानाची, दोन्ही पावत्या घ्या, त्यावर काय लिहिलंय ते बघा. तरीही सक्ती झाली तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी द्या. आता, या भांडणाच्या भरात, जुन्या बाटलीची तक्रार करावी का? तुमचा हक्क आहे, पण माझं मत विचारशील तर नको. पावती नाही, हंगाम उलटला, आणि गावात सगळे म्हणतील की हिशेब चुकला म्हणून सूड काढला.

डीएपीच्या टक्केवारीची तक्रार तर अजिबात नको, कारण तक्रार करण्यासारखं काही घडलेलंच नाही. उद्या खरंच मालाची शंका आली, दाणे वेगळेच दिसले, शिलाई उसवून पुन्हा घातलेली वाटली, तर बाकीची पोती फोडू नका. पावती आणि पोत्यावरचा बॅच नंबर जपा आणि कृषी विभागाला कळवा. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार निरीक्षक रीतसर नमुना घेतो आणि तो प्रयोगशाळेत जातो. कोर्टात टिकतो तो तोच अहवाल. घरच्या घरी डीएपीचे दाणे तळहातावर चुना घालून मळले की नाकात झोंबणारा वास येतो, हे वडिलांना माहीत असेल. तो अमोनिया. त्यावरून आत अमोनियम आहे एवढंच कळतं, १८ टक्के आहे की ८, ते कळत नाही. वास आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

उधारी लगेच सुरू होईल असं मी सांगणार नाही. काकांचाही अपमान झालाय. भरणी थांबणार नसेल तर गावच्या विकास सोसायटीत चौकशी करा, तिथं खत कर्जावर मिळण्याची सोय असू शकते. निदान काकांशी बोलताना 'आता खत द्या' हा हेतू मागे उरणार नाही आणि बोलणं सरळ होईल.

बँकेच्या परीक्षा द्यायच्या असतील तर जरूर दे, बँकेची नोकरी चांगली असते. पण रसायनशास्त्र झेपत नाही म्हणून देऊ नकोस, कारण ते खोटं आहे. घरातल्या पोत्यावरचा आकडा आणि सूत्रातला आकडा जुळतो का, हे तपासावंसं वाटणं हीच या विषयातली मोठी गोष्ट आहे. शंभर मुलं ते उदाहरण सोडवतात, पोतं कुणी उलटून बघत नाही. तुला कमी पडली ती दुकानात जाण्याआधीची एक विचारपूस. विद्यापीठात पुढे मृदा किंवा विश्लेषणात्मक रसायनशास्त्राकडे जायचं मनात असेल तर हे प्रकरण तुझ्याविरुद्ध नाही, तुझ्या बाजूनं धर.

भावाची वही खोडायची नाही. परीक्षेत डीएपीतला फॉस्फरस विचारला तर उत्तर २३.५ टक्केच लिहायचं, २० लिहिलं तर मार्क जातील. पण त्याच उदाहरणाच्या खाली त्याला अजून एक गणित घालून दे: पोत्यावर १६ टक्के स्फुरद लिहिलेलं सिंगल सुपर फॉस्फेट, ५० किलोचं पोतं, प्रत्यक्ष फॉस्फरस किती किलो? उत्तर साडेतीन किलोच्या आसपास यायला हवं. आठ आलं तर त्याला परत बसव.